बरोबर कोण आलंय?

सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या माणसाच्या कानात एक वाक्य कायमचं घर करून असतं. केसपेपरच्या खिडकीवर, एक्सरेच्या दारात, वॉर्डात, औषधाच्या रांगेत, सगळीकडे तेच : ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हाडांच्या वॉर्डात उत्तर लगेच येतं. भाऊ असतो, मेव्हणा असतो, मोटारसायकलवर मधे बसवून आणणारे दोन मित्र असतात, डबा घेऊन आलेली चुलती असते. मानसोपचाराच्या ओपीडीत हाच प्रश्न विचारला की बाकावरचं एखादंच माणूस उठतं. बहुतेकदा आई. आई नसेल तर बहीण, आणि तिलाही संध्याकाळच्या आत सासरी पोचायचं असतं.

मी वैद्यकीय समाजसेवेतली माणूस. निवृत्त झाल्यावर शिरूर तालुक्यात राहायला आले आणि इथल्या काही मंडळींनी मला या पुस्तिकेची प्रस्तावना लिहायला सांगितलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे, त्यांना कुठला दाखला कुठे मिळतो, कुठली योजना कुणासाठी आहे, गोळ्या कुठे मिळतात, चार सारख्या माणसांत बसून कुठे बोलता येतं, एवढं सगळं एका जागी असावं, हा पुस्तिकेचा हेतू. हेतू चांगला आहे. पण पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, की पत्ते छापले म्हणजे माणूस त्या पत्त्यावर पोचला असं होत नाही. पोचायला बरोबर कुणीतरी लागतं. माझं म्हणणं पुस्तिकेच्या विरोधात जातंय असं एकदोघांना वाटलं. तसं नाही. ही यादी हातात घेऊन चालणारं माणूस कोण, हे ठरवून वाचली तरच ती उपयोगाची आहे. तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

सुरुवात एका पिशवीपासून करते.

वायरची, निळ्या-पांढऱ्या चौकटींची, बाजाराची पिशवी. रांजणगावजवळच्या एका वस्तीवरच्या बाईंनी ती माझ्या ओट्यावर उपडी केली. नऊ वर्षांचे केसपेपर निघाले, तीन वेगवेगळ्या दवाखान्यांचे. संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या, ‘नाव इसरायला नको म्हणून’ रबर लावून ठेवलेल्या. मेंदूच्या स्कॅनची मोठी फिल्म, मधोमध घडी पडलेली. अंगाऱ्याच्या दोन पुड्या. एका देवऋष्यानं दिलेला ताईत, दोरा तुटलेला. आधारच्या सात झेरॉक्स. आणि सगळ्यांत खाली, प्लास्टिकच्या कव्हरात, मुलाचं आयटीआयचं प्रमाणपत्र. ट्रेड फिटर. मुलगा बाविसाव्या वर्षी कंपनीत लागला, आणि वर्षभरात त्याला वाटायला लागलं की लाइनवरची माणसं त्याच्याविषयी खुणांनी बोलतात. आज तो एकतीस वर्षांचा आहे. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया.

नऊ वर्षांच्या त्या कागदांत दिव्यांगत्वाचा दाखला नव्हता. तो निघतो हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर बाई माझ्याकडेच संशयाने बघायला लागल्या. ‘अपंग कसा व्हईल ताई? हातपाय धड हायेत की त्याचे.’

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत आणि मानसिक आजार त्यांतला एक. त्याच्याही आधी, १९९५ च्या कायद्यातही तो होता. म्हणजे या बाईंच्या मुलाला तो आजारी पडला त्या दिवसापासून कायदा ओळखत होता. ओळख करून द्यायला कुणी गेलं नव्हतं, इतकंच.

दाखला काढायला आम्ही दोघी आणि मुलगा असे तिघं पुण्याला गेलो. पहाटेची एसटी, पुढे रिक्षा, रांग. मानसिक आजारामुळे आलेलं अपंगत्व मोजायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे, ‘आयडियाज’ म्हणतात तिला. चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा, त्याचे गुण वेगळे. सगळे मिळून वीस. सात किंवा त्याहून जास्त झाले तर ४० टक्के किंवा त्यापुढचं अपंगत्व धरतात, आणि ४० टक्क्यांच्या खाली बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही. इथे गुण जितके जास्त तितका माणूस अडचणीत, ही गोष्ट आईच्या मनाला उलटी वाटते. शाळेत पोराला जास्त गुण मिळावेत म्हणून उपास केलेली बाई ती.

डॉक्टरांनी विचारलं, ‘अंघोळ करतो का स्वतः?’ बाई म्हणाल्या, ‘करतो की.’ ‘जेवण?’ ‘आपल्या हातानं.’ ‘कुणाशी बोलतो?’ ‘आल्यागेल्याला नमस्कार करतो. लय गुणाचं हाय पोरगं.’ एकेक उत्तर खरं, आणि एकेक उत्तरागणिक दाखला लांब जात होता. मी मधे बोलले. बाई, तुम्ही पाणी काढून, हाताला धरून न्हाणीत नेलं नाही तर किती दिवस तसाच बसतो? त्या गप्प. मग म्हणाल्या, ‘दिवाळीला पंधरा दिस बसला हुता.’ ताट पुढ्यात ठेवून ‘जेव’ म्हटलं नाही तर? ‘तर न्हाई जेवत.’ हे सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना नाही, तोंडाला लावला. लाज वाटत होती. पोराची नव्हे, चारचौघांत पोराला खाली पाडून बोलल्याची.

फॉर्म कुठे मिळतो हे पुस्तिकेत छापता येतं. हा जो क्षण आहे, आईला बाजूला घेऊन ‘इथे त्याचं कौतुक नका सांगू, त्याची अडचण सांगा’ म्हणण्याचा, तो छापून होत नाही. त्याला तिथे हजर असावं लागतं.

आता आमच्या भागाविषयी. रांजणगाव म्हटलं की पुण्याच्या माणसाला अष्टविनायकातला महागणपती आठवतो आणि नोकरी शोधणाऱ्याला एमआयडीसी. (भीमेकडे रांजणगाव सांडस म्हणून दुसरं गाव आहे; टपालात आणि कागदपत्रांत दोन्हींचा घोळ होतो, म्हणून फॉर्मवर गावाचं नाव पूर्ण लिहा.) पुणे-नगर रस्त्याच्या अल्याड देऊळ, पल्याड कारखाने. फ्रिज, वॉशिंग मशिन, मोटारी, सगळं इथे तयार होतं. त्या मागोमाग कारेगाव, ढोकसांगवीपर्यंत खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. जिथे बाजरी यायची तिथे आज भाड्याच्या खोल्या येतात. दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड : ऊस, गुऱ्हाळं, रेल्वेचं जंक्शन, राज्य राखीव पोलिसांचे तळ. एकाच पट्ट्यात इतक्या तऱ्हेची माणसं, आणि त्यांच्या आजाराला लागणारी सोबतही तितक्याच तऱ्हेची.

आपल्याकडे या आजाराला सरळ नाव घेत नाहीत. ‘बाहेरचं झालंय’, ‘डोक्यात फरक पडलाय’, ‘टेन्शनचं औषध चालू आहे’. शेवटचं त्यातल्या त्यात बरं, निदान औषध चालू असल्याचं तरी कळतं. आणि भांडण झालं की ‘येरवड्याला पाठवीन’. येरवड्याचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं, २,५४० खाटांचं, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतलं मोठं. तिथे उपचार होतात आणि माणसं बरी होऊन घरी येतात, पण आमच्या भाषेत ते गाव शिवीसारखंच वापरलं जातं. त्यामुळे पुणे जवळ असूनही लोक तिकडे उशिरा जातात.

किती लोकांना हा त्रास आहे, असं पत्रकार हमखास विचारतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला, आणि विकार असलेल्यांपैकी बहुसंख्यांना उपचारच मिळत नव्हते. हा आकडा सगळे देतात. पण त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून मी आकड्यावर फार बोलत नाही. आपल्या वाडीत किती घरं आहेत हे वाडीला माहीत असतं.

दाखला हातात आला की काय होतं? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. महिन्याचं अनुदान २०२३ मध्ये दीड हजार झालं आणि दिव्यांगांसाठी त्यानंतर आणखी वाढलं. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ज्या पंचायतींच्या हद्दीत कारखाने आहेत तिथे कराचं उत्पन्न मोठं, म्हणजे हे ५ टक्केही मोठे. पण ग्रामसभेत हे पैसे मागायला व्हीलचेअरवरचा माणूस येतो, ऐकू न येणाऱ्याचा बाप येतो. स्किझोफ्रेनियाच्या घरचं कुणी येत नाही. आलंच तर सगळ्यांसमोर बोलत नाही. आणि एक गल्लत मुद्दाम सांगते, कारण तिच्यापायी मी लोकांना हेलपाटे मारताना पाहिलंय. ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना राष्ट्रीय न्यासाची आहे, १९९९ च्या कायद्याखालची. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. निव्वळ मानसिक आजाराला ती लागू नाही. मतिमंद आणि मनोरुग्ण यांत फरक आहे, हे पुष्कळ खिडक्यांच्या अलीकडे आणि पलीकडेही कुणाला माहीत नसतं.

पण हे झालं इथे घर असलेल्यांचं. कारेगावच्या खोलीत राहणाऱ्या पोराचं काय?

एका रात्री साडेदहाला मला फोन आला. दहा बाय बाराची खोली, पाच जण, त्यातला एक तीन रात्री झोपलेला नाही. एकसारखा बोलतोय, पगाराचे पैसे रस्त्यात वाटून आलाय, मालकाला सांगतोय की चाळ मी विकत घेणार. बाकीचे चौघं पाळ्यांमध्ये काम करणारे. एक बिहारचा, दोन लातूरकडचे, एक उमरखेडचा. त्यांनीच त्याला रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, बरोबर कोण आहे? ‘रूम पार्टनर आहे साहेब.’ नातेवाईक आणा, सही लागेल. नातेवाईक सोळाशे किलोमीटरवर. पोरांनी त्याला परत खोलीवर आणलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि आळीपाळीने उंबऱ्यावर बसले. एकाचा त्यात खाडा झाला. मला हे सांगताना ते चोरी केल्यासारखे बोलत होते. मला विचाराल तर त्या रात्री त्या चौघांनी जे केलं त्याला शाबासकीच द्यायला हवी होती, फक्त कडी सोडून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. अंमल २९ मे २०१८ पासून. त्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून एक तरतूद आहे. अठरा वर्षांवरचा कुणीही माणूस साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, लिहून ठेवू शकतो, की माझ्या आजारपणात माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल. तो माणूस रक्ताचा असावा लागत नाही. रूम पार्टनर चालतो. मेसवाल्या काकू चालतात. ‘बरोबर कोण’ या प्रश्नाचं उत्तर नात्याबाहेर शोधायची परवानगी कायद्याने दिली आहे, आणि ती वापरलेली मी आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पाहिली. हा कागद बरा असताना करायचा असतो. त्याचा नमुना पुस्तिकेच्या मागे जोडला आहे. फाडून घ्या.

कारखान्यातल्या कामगाराच्या खिशात आणखी एक कागद असतो, ज्याचा उपयोग त्याला फक्त तापाच्या गोळीपुरता माहीत असतो. ईएसआयचं कार्ड. त्यावर साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. शिवाय लांब चालणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे. त्या यादीत क्षयरोग आणि कॅन्सरच्या जोडीला स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-अवसादाचा आजारही आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल तर पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात होतं असं की पोरगा आजारी पडतो, आठ दिवस कामावर जात नाही, ठेकेदार नाव काढतो आणि पोरगा गावी जातो. कार्ड गादीखाली राहतं. तो परराज्यातला असेल तर त्याला संजय गांधीचा आधारही मिळत नाही, कारण त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. इथे एकाच माणसाची गरज असते, जो चौथ्या दिवशी ईएसआयच्या डॉक्टरकडे घेऊन जाईल आणि रजेचा दाखला काढेल. चौथ्या दिवशी. महिन्याने नाही.

खोल्यांचा विषय निघाला म्हणून एक लांबची गोष्ट सांगते. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथे संत डिम्फनाचं देऊळ, म्हणजे चर्च. मन बिघडलेल्यांची ती संत, अशी श्रद्धा. मध्ययुगापासून लांबलांबहून लोक आपल्या घरच्या आजारी माणसांना तिथे आणायचे. चर्चच्या ओवऱ्यांत जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. काही जण बरे होऊन गेले, काही तिथेच राहिले, शेतात राबले, म्हातारे झाले. विसाव्या शतकात १९३० च्या दशकात अशी तीन हजारांवर माणसं त्या गावात घरोघरी राहत होती. आता ती संख्या खूपच घटली आहे, पण पद्धत चालू आहे. सरकार त्या कुटुंबांना खर्चाचे पैसे देतं, गरज लागली की डॉक्टर आणि नर्स घरी येतात. गावात त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. घरी राहायला आलेला पाहुणा म्हणतात.

गीलचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. तिथेही पैशाचा व्यवहार होता, शेतावर फुकटचे हात मिळत होते, हे विसरू नये. मला त्यात आपलं काहीतरी दिसतं. रांजणगावही देवाचं गाव. इथेही लोक आपली माणसं घेऊन येतात, पायरीवर बसवतात, नवस बोलतात. आणि इथलं निम्मं गाव अनोळखी माणसाला खोली देऊन, डबा लावून, त्याच्या पाळीची वेळ लक्षात ठेवून जगतं. परक्याला ठेवून घेण्याचं कसब आमच्याकडे आहे. फक्त ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला खोली द्यायची म्हटलं की मालक दोन पावलं मागे सरतो.

ज्यांना इथे ठेवूनच जातात, त्यांचं काय? तीर्थाच्या ठिकाणी पोटाला मिळतं, रात्री आडोसा मिळतो, म्हणून वाट चुकलेली माणसं महामार्गाने चालत येऊन अशा गावांत थांबतात. जटा झालेली, दोन-तीन शर्ट एकावर एक घातलेली, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांचं गाठोडं. २०१७ च्या कायद्याचं शंभरावं कलम या माणसांसाठी आहे. पोलिसांनी त्यांना ताब्यात नव्हे, संरक्षणात घ्यायचं. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. याच कायद्यात साखळीने बांधायलाही बंदी आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली आणि साखळदंडात असलेली २८ माणसं जळून गेली, तेव्हा देशाला या साखळ्या दिसल्या. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था अशा रस्त्यावरच्या माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवते म्हणजे पत्ता देऊन गाडीत बसवत नाही. माणूस बरोबर जातो, थेट उंबऱ्यापर्यंत.

गावातल्याच साध्या माणसाला शिकवून आरोग्याचं काम त्याच्या हाती द्यायचं, हे आमच्या तालुक्याला नवीन नाही. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातच येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात तिथे काम उभं केलं. डॉक्टर गावात येऊन राहत नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं आणि गावातल्याच माणसांना तयार केलं. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे मिळाला. वढूच्या परिसरातल्या घराघराची जन्म-मृत्यू-स्थलांतराची नोंद २००२ पासून ठेवली जाते. बाळंतपण, लसीकरण, जुलाब यांच्यासाठी जे जमलं ते मनाच्या आजाराला का जमू नये, असा प्रश्न मी तरुणपणी विचारायचे. उत्तर शोधायला पुढे फार लांब जावं लागलं नाही. साताऱ्यालाच ते मिळालं.

सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सगळ्यांना डॉक्टरी उपचार होतेच. त्यांतल्या १८७ जणांकडे शिवाय एक प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जायचा. गोळ्यांची चौकशी, घरच्यांशी बोलणं, आणि शेवटी गावातल्या संस्थांशी, सरकारी लाभांशी, कामधंद्याशी जोडून देणं. एका वर्षाने या गटातल्या लोकांची रोजच्या जगण्यातली अडचण कमी झालेली दिसली. लाभ माफक होता, आणि सगळ्यांत ठळक फरक तामिळनाडूच्या खेड्यांत दिसला. मला या निष्कर्षातला माफकपणा आवडतो. तो खरा वाटतो. घरी माणूस गेला की चमत्कार होतो असं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘आत्मीयता’ सुरू केलं, तिथे हेच काम गावातल्या स्वयंसेवकांनी केलं : बोलणं ऐकून घ्यायचं, गंभीर वाटलं तर दवाखान्यात पोचवायचं, आणि ज्या लाभावर हक्क आहे तो मिळवून द्यायला मदत करायची. पुढे ते गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जगभरातल्या चांगल्या उदाहरणांत त्याचा समावेश केला. त्याच उदाहरणांत झिंबाब्वेतल्या हरारेचा मैत्रीचा बाक आहे : दवाखान्याच्या आवारातला लाकडी बाक, त्यावर बसून ऐकणाऱ्या आज्या. तिथल्या भाषेत उदासीला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’. आमच्याकडच्या बाया नेमकं हेच म्हणतात : ‘लय इचार करते ती.’

पुण्यातली एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या जास्त जवळची आहे. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तिकडे त्यांनी आजारी माणसांच्या घरच्यांचे गट पाहिले, आणि १९९७ च्या सुमारास पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. ‘देवराई’ हा सिनेमा २००४ चा. त्याच्यामागेही वाणींचाच आग्रह. दिग्दर्शक सुमित्रा भावे मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या, कर्वे समाजसेवा संस्थेतल्या. सुनील सुकथनकर त्यांचे साथीदार. अतुल कुलकर्णींनी केलेला शेष पाहून बाहेर पडलेले लोक मला म्हणायचे, ‘आमच्या भाच्याचं असंच आहे.’ तोवर त्या भाच्याविषयी कधी बोललेले नसायचे. घरच्यांच्या गटात मी पुष्कळ बसले आहे. तिथे औषधांवर फारसं बोलणं होत नाही. ‘माझ्यानंतर याचं काय’ हा एकच विषय वेगवेगळ्या दारांनी आत येतो.

आमच्या धंद्यातला सगळ्यांत फसवा शब्द ‘रेफर केलं’. चिठ्ठी दिली की आपलं काम संपलं. अशा चिठ्ठ्या वायरच्या पिशवीत जमा होत जातात. आणि दुसरी पळवाट म्हणजे सगळं आशाताईंच्या गळ्यात घालणं. गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी, आणि आता हेही. त्यांना माहिती जरूर द्या, पण सोबतीचं काम वाटून घ्यायला लागेल : बचत गटातली एखादी, शाळेतले निवृत्त गुरुजी, मेसचालक, रिक्षावाला. भाद्रपदात महागणपतीची पालखी चार दिशांच्या द्वारांना निघते तेव्हा बरोबर चालायला माणूस कमी पडत नाही. तहसीलपर्यंत चालायला दोन मिळाले तरी भागेल. मुद्दाम दोन म्हणते. एकटं माणूस वर्षभरात थकतं, मी थकले होते. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

पुस्तिकेतली काही पानं दोन वर्षांत शिळी होतील. रकमा बदलतील, खिडक्या हलतील. म्हणून प्रत्येक पानावर उजवीकडे कोरी पट्टी सोडली आहे. तिथे पेन्सिलीने लिहा : साहेब कुठल्या वारी भेटतात, झेरॉक्स कुठे निघते, परतीची शेवटची एसटी किती वाजता, बरोबर कोण येणार.

त्या बाईंच्या मुलाला ४० टक्क्यांच्या वरचा दाखला मिळाला. तो आता सकाळी तीन तास एका मेसमध्ये भाजी चिरतो. बोलत नाही, पण कांदा एकसारखा कापतो. मालकीणबाई त्यावर खूश आहेत. मागच्या वेळी गेले तेव्हा वायरची पिशवी खुंटीला होती, कागद एका फाइलमध्ये लावलेले, अंगाऱ्याच्या पुड्यांसकट. दाखला मुदतीचा आहे, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तपासणीला जायचंय. बाईंनी कालनिर्णयवर त्या तारखेभोवती गोल केलाय आणि मला आत्तापासून सांगून ठेवलंय, की त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही. शेजारच्या वस्तीवरची एक बाई आणि तिची मुलगीही आपल्याबरोबर येणार आहेत.